रिकाम्या नळाचा इतिहास

वालदेवी नदी नाशिक रोडच्या अंगाने वाहत येऊन चेहेडीजवळ दारणेला मिळते. तिथे दारणेवर बंधारा आहे आणि बंधाऱ्यात साठणारे पाणी नाशिक रोडसाठी उपसण्याचे महापालिकेचे केंद्र आहे. दारणा धरणातून आवर्तन सुटलेले असते तोवर नदीला ओढ असते आणि वालदेवीने आणलेले सांडपाणी पातळ होऊन खाली निघून जाते. आवर्तन थांबले की बंधाऱ्यातले पाणी निपचित पडते. मग वस्त्यांची घाण पोटात घेऊन आलेली वालदेवी पुढे सरकत नाही, फुगवट्यात पसरत उपशाच्या तोंडापर्यंत येते. अशा वेळी चेहेडीचा उपसा थांबवून नाशिक रोडची तहान गंगापूर धरणावर भागवण्याची पाळी महापालिकेवर आली आहे. दारणेत हक्काचे पाणी असते, पण ते उचलता येत नाही.

शुद्ध पाण्याच्या वाटेवर अशुद्ध पाणी उलटे चढणे, हा पाणीपुरवठ्याचा जुना आजार आहे. नदीत तो डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो. रस्त्याखाली पुरलेल्या नळात तो दिसत नाही, आणि त्याची पहिली खबर बहुतेक वेळा जलशुद्धीकरण केंद्राच्या आधी गल्लीतल्या दवाखान्याला मिळते.

नळाला गळती असली तरी आत दाब आहे तोवर पाणी बाहेर फेकले जाते. ती नासाडी असते, पण बाहेरची घाण आत येत नाही. पाणी आपल्या जोरावर किती उंच चढेल, यावर हा दाब मोजतात. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या मॅन्युअलनुसार एकमजली घरांच्या वस्तीत तो किमान ७ मीटर, दुमजली वस्तीत १२ आणि तिमजली वस्तीत १७ मीटर राहायला हवा होता. वॉलमनने व्हॉल्व्ह बंद केला, मुख्य नळ फुटला किंवा आग विझवायला बंबाने एकदम पाणी ओढले की हा दाब उतरतो. चढावरच्या नळातले पाणी उताराकडे निघून जाते, मागे पोकळी राहते आणि ती पोकळी ज्या भोकातून जे मिळेल ते ओढून घेते. भोकाबाहेर गटाराची ओल असेल तर तीच आत येते. बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळी असेल तर बादलीतले पाणी येते. हा झाला उलटण्याचा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात घाण पाणी आपल्याच जोराने आत घुसते. बोअरवेलचा पंप, कारखान्यातला बॉयलर किंवा उंच टाकी पिण्याच्या पाण्याच्या नळाला जोडलेली असते आणि तिचा दाब नळातल्या दाबापेक्षा वरचढ ठरतो. दोन्ही प्रकारांना मुळात एक जोड लागतो: शुद्ध आणि अशुद्ध पाणी एकमेकांना भेटू शकेल अशी एखादी जागा. ती जागा वर्षानुवर्षे निरुपद्रवी पडून राहते आणि दाब उतरलेल्या एखाद्याच रात्री काम करून जाते. त्यामुळेच तपास करणाऱ्यांना ती सापडायला उशीर लागतो.

हे पहिल्यांदा नीट पकडले गेले ते इंग्लंडमध्ये. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कीझ महाविद्यालयात विषमज्वराची साथ आली. सरकारी वैद्यकीय निरीक्षक जॉर्ज ब्यूकॅनन तपासाला आले. आजारी पडलेले बहुतेक विद्यार्थी ट्री कोर्ट नावाच्या एकाच इमारतीतले होते. इमारत नवी, बांधणी चांगली, राहणारी मुले सुखवस्तू. अस्वच्छतेचा नेहमीचा ठपका ठेवायला जागाच नव्हती. ब्यूकॅनन यांनी नळांचा माग काढला. तिथल्या संडासांना मुख्य नळाचे पाणी मध्ये टाकी न ठेवता थेट दिलेले होते. गावचा पुरवठा मधे खंडित झाला तेव्हा संडासाच्या भांड्याकडची हवा आणि घाण नळात ओढली गेली, आणि पाणी परत आले ते ती घाण घेऊन. संडासाला मुख्य नळ थेट जोडायचा नाही, मध्ये स्वतंत्र टाकी हवी, हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. आज घरोघरी दिसणारी फ्लशची टाकी पाणी वाचवते हे सर्वांना ठाऊक आहे; ती संडास आणि पिण्याचा नळ यांच्यामधली भिंतही आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

साठ वर्षांनी शिकागोत हाच धडा पुन्हा, आणि फार महाग, शिकावा लागला. १९३३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी शहरात लाखो पाहुणे आले होते. त्यांतले अनेक जण उतरले होते काँग्रेस आणि ऑडिटोरियम या शेजारशेजारच्या दोन हॉटेलांत. दोन्हींची नळव्यवस्था जुनी, वेळोवेळी ठिगळे लावलेली आणि एकमेकींत गुंतलेली होती. सांडपाण्याचे नळ पिण्याच्या नळांना काही ठिकाणी जोडले गेले होते, आणि थंड पाण्याच्या टाकीवरून जाणारा मैल्याचा नळ गळत होता. आमांशाचे अमिबा पाण्यात गेले. लक्षणे दिसायला काही आठवडे लागतात, तोवर पाहुणे देशभर आपापल्या गावी परतले होते आणि कित्येकांवर भलत्याच रोगाचे उपचार सुरू होते. एकूण १,४०९ रुग्ण नोंदले गेले, ९८ दगावले. नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला अमिबाचे कोश दाद देत नाहीत, हेही या साथीने अधोरेखित केले.

यानंतर अमेरिकेत नळजोडणीचे नियम कडक झाले. त्यांतला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय यंत्राचा नाही, मोकळ्या जागेचा आहे. पाणी सोडणाऱ्या तोटीचे तोंड भांड्याच्या काठापेक्षा वर ठेवायचे, निदान तोटीच्या व्यासाच्या दुप्पट. मध्ये हवेची फट राहिली की नळाने कितीही ओढले तरी हाती हवाच लागते. मराठी घरांत पाण्याचे भांडे ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची आणि माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी काढण्याची जी रीत होती, तिच्यातही नेमकी हीच फट होती. उष्ट्याची कल्पना धर्माची म्हणून पुढे सोडून दिली गेली. ओगराळ्यापुरती तरी ती शास्त्रशुद्ध होती.

भारतातली या विषयातली एक मोठी घटना दिल्लीत घडली, आणि तिचे साम्य थेट चेहेडीशी आहे. दिल्लीला पाणी मिळे ते यमुनेच्या वझिराबाद केंद्रातून. शहराचे सांडपाणी वाहून नेणारा नजफगढ नाला उपशाच्या जागेच्या खाली यमुनेला मिळत असे. खाली मिळतो म्हणून निर्धोक, असे गणित होते. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला मोठा पूर आला आणि पूर ओसरल्यावर पात्र सरकले. उपशाच्या बाजूचा प्रवाह रोडावला. नाल्याचे पाणी वर चढू लागले आणि नोव्हेंबरच्या मध्याला काही दिवस पंपांनी यमुनेच्या पाण्याबरोबर दिल्लीचे सांडपाणीही उचलले. केंद्रावरच्या माणसांच्या ते लक्षात आले नाही असे नाही. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा उपयोगही झाला. विषमज्वराची किंवा पटकीची साथ आली नाही. पण डिसेंबरात शहरभर कावीळ उसळली. जानेवारी संपेपर्यंत कावीळ दिसून आलेल्या रुग्णांची संख्या २९,३०० झाली होती. डोळे पिवळे न होताही ज्यांना लागण झाली त्यांना धरून आकडा ९७,६०० च्या घरात जातो, असा अंदाज डॉ. आर. विश्वनाथन यांनी आपल्या अभ्यासात काढला. गरोदर बायांना हा आजार विशेष घातक ठरला.

पाण्यात जंतू मेले आणि विषाणू जगला, ही या साथीची शास्त्रीय नोंद. तिचा पुढचा तपास पुण्यात लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. दिल्लीच्या साथीतल्या रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. १९७० च्या दशकात अ आणि ब काविळीच्या चाचण्या उपलब्ध झाल्या तेव्हा ते नमुने बाहेर काढण्यात आले, त्यांच्याबरोबर अहमदाबादच्या १९७५–७६ च्या आणि पुण्याच्या १९७८ च्या साथींचेही तपासले गेले. पुण्याच्या संस्थेतले आणि अमेरिकेतले संशोधक मिळून हे काम करत होते. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: या साथी अ काविळीच्याही नाहीत आणि ब काविळीच्याही नाहीत, पाण्यातून पसरणारा तिसराच विषाणू आहे. त्याच सुमारास काश्मीरमधल्या साथीच्या अभ्यासातून डॉ. मोहम्मद खुरू याच निष्कर्षाला पोचले होते. रशियन संशोधक मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातल्या रुग्ण सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि १९८३ मध्ये त्या विषाणूचे दर्शन जगाला घडवले. त्याला पुढे ‘हेपेटायटिस ई’ हे नाव मिळाले. एका नाल्याच्या उलट्या प्रवाहाने काय केले हे कळायला पाव शतक लागले.

महाराष्ट्रात हा विषाणू पाहुणा नव्हता. १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातून पसरलेल्या काविळीचा अभ्यास पुण्याच्या संस्थेने केला. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हजारो लोकांना कावीळ झाली आणि त्यात बळीही गेले. पंचगंगेचे प्रदूषण आणि गावातले गळके नळ, दोहोंकडे बोट दाखवले गेले. अशा साथींत दोष नदीचा, केंद्राचा की नळाचा, यावर वाद होतो तो यामुळेच. नळातली गळती दुरुस्त झाली की पुरावाही मातीखाली जातो.

नाशिकच्या पाण्याचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहिला तर त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग नदीचा. गोदावरीच्या काठी वसलेले गाव शतकानुशतके नदीचे, विहिरींचे आणि आडांचे पाणी प्यायले. त्याच नदीत गावातले नाले उतरत आणि यात्रेकरू स्नान करत. दूषित पाणी प्यायची भीती होती, पण ती उघड्यावरची होती. उन्हाळ्यात पात्र आटले की गढूळपणा दिसे आणि जाणती माणसे झिऱ्याचे पाणी शोधत. १८६४ मध्ये नगरपालिका आली. नळाचे पाणी पुढे आले. रविवार कारंजा आणि पंचवटी कारंजा ही आजची गर्दीची नावे सार्वजनिक पाण्याच्या त्या जुन्या जागांची आठवण धरून आहेत. दुसरा भाग धरणाचा. शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर गंगापूरचे मातीचे धरण झाल्यावर नाशिकचे पिण्याचे पाणी आणि नाशिकचे सांडपाणी यांची वाट बरीचशी वेगळी झाली. दिल्लीसारखी गत मुख्य शहराची होणार नाही, हा या रचनेचा मोठा गुण. १९८२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, सिडको, सातपूर, अंबड, नाशिक रोड हा सगळा विस्तार तिच्या पोटात आला, आणि पुढे मुकणे धरणाचे पाणीही नळाने शहरात आणण्यात आले. चेहेडी हा या व्यवस्थेतला अपवाद राहिला.

धोका नदीतून उठला तो रस्त्याखाली जाऊन बसला. जुन्या नाशिकची भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार ही गावठाणाची वस्ती चढउताराची आणि अरुंद गल्ल्यांची आहे. सरस्वती नाला तिच्या पोटातून गोदावरीकडे जातो, आणि जोराच्या पावसात दहीपूल-सराफ बाजारात पाणी तुंबते, चेंबरची झाकणे उचलली जातात. मॅन्युअलचा नियम असा की पाण्याचा नळ गटारापासून आडव्या अंतराने किमान ३ मीटर दूर हवा, आणि जागा नसेल तर नळाचा तळ गटाराच्या माथ्यापेक्षा निदान अर्धा मीटर वर हवा. दहा-बारा फुटांच्या गल्लीत, जिथे दोन्ही बाजूंना वाड्यांचे ओटे, मध्ये गटार आणि त्यालाच खेटून घरगुती जोडण्यांचे लोखंडी नळ, तिथे तीन मीटर आणायचे कुठून? १९६९ आणि २००८ या दोन्ही सप्टेंबरांत गोदावरीचा महापूर बाजारपेठेत शिरला तेव्हा नाले आणि गटारे उलटी भरली आणि अनेक नळ पाण्याखाली गेले. पुराच्या दिवसांत पुरवठा बंद असतो, म्हणजे नळ रिकामा, आणि बाहेर मैला मिसळलेले पाणी पुरुषभर उंच. उलट्या प्रवाहासाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. स्मार्ट सिटीच्या कामांत गावठाणातल्या जुन्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्या बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. खोदलेल्या रस्त्यांबद्दल नाशिककरांनी तक्रारी पुष्कळ केल्या, पण शहराच्या आरोग्याच्या दृष्टीने त्या काळातल्या सगळ्या कामांत हे काम सर्वांत गरजेचे होते.

महापुराची वाट पाहण्याची गरज मात्र नसते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी येते आणि उरलेला दिवसभर नळ रिकामा असतो. केंब्रिजमध्ये अपघाताने जे झाले ते इथे वेळापत्रकाने रोज होते. वॉलमन एका भागाचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याचा उघडतो, पहिल्या भागातले पाणी सखल घरांकडे ओसरते, आणि ओसरताना उंच घरांच्या नळांतून फुसफुस आवाज येतो. तो आवाज हवा आत जात असल्याचा असतो. तोटी नसलेला, गटाराच्या कडेला वाकलेला सार्वजनिक नळ असेल तर हवेबरोबर आणखीही काही जाते.

त्यात भर घालते ती नळाला थेट जोडलेली मोटार. पाण्याची वेळ झाली की गल्लीत एकामागून एक मोटारी सुरू होतात. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप नळातले पाणी नुसते घेत नाही, शेजाऱ्याच्या जोडणीतले आणि गळक्या सांध्याबाहेरचेही ओढतो. अशा मोटारींविरुद्ध महापालिकांच्या मोहिमा बहुधा शेजाऱ्याचे पाणी पळवले जाते या कारणासाठी चालतात. रोगाचे कारण त्याहून मोठे आहे, पण जप्तीच्या नोटिशीत ते क्वचित दिसते.

वाडे पडून सोसायट्या उभ्या राहिल्या तेव्हा घरातली पाण्याची मांडणी बदलली आणि नव्या जागा तयार झाल्या. वाड्याच्या हौदात नळ वरून पडत असे, आणि तिथे हवेची फट आपोआप राहत होती. इमारतीत जमिनीखालची टाकी आली. पुष्कळदा ती पार्किंगखाली असते, ड्रेनेजच्या चेंबरला लागून, आणि तिला येणारा नळ जागा वाचवायला तळापर्यंत उतरवलेला असतो. पाणी बंद झाल्यावर हा नळ टाकीतले पाणी रस्त्याकडे परत ओढू शकतो. बोअरवेल आल्यावर पाणी दोन ठिकाणचे झाले. महापालिकेचे पाणी कमी पडले की प्लंबर दोन्ही नळ एका कॉकने जोडून देतो आणि कॉक फिरवण्याचे काम वॉचमनकडे जाते. बोअरच्या पंपाचा जोर महापालिकेच्या नळापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कॉक अर्धवट राहिला तर सोसायटीचे बोअरचे पाणी सगळ्या गल्लीला मिळते. संडासातला जेट स्प्रे हीही अशीच एक जागा. तोटी उघडी ठेवून फक्त स्प्रेच्या खटक्यावर पाणी अडवलेले असते आणि तो बादलीत किंवा भांड्यात पडलेला असतो.

या बाबतीत नियम नाहीत असे कुणी म्हणू शकणार नाही. इमारतींतल्या पाणीपुरवठ्याची भारतीय मानक संहिता आय.एस. २०६५ स्पष्ट सांगते की पिण्याच्या पाण्याचा नळ आणि अशुद्ध किंवा संशयित पाण्याचा नळ यांच्यात कोणताही जोड चालणार नाही. पुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, किंवा कॉक बंद करून त्याला सील ठोकले, तरी तो जोड नसण्याला पर्याय धरता येणार नाही. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो, झडप झिजते, सील तुटते, हे संहिता लिहिणाऱ्यांना माहीत होते. अमेरिकेत अशा व्हॉल्व्हची दरवर्षी परवानाधारक माणसाकडून चाचणी घेण्याची पद्धत बऱ्याच शहरांत आहे. आपल्याकडे एकदा बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बिघडून पाणी येणे बंद झाले तरच उघडला जातो. उलटे पाणी जाऊ देत असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही.

चांगले नळ असलेल्या देशांतही ही चूक होते, हे सांगायला दोन घटना पुरेत. १९६९ मध्ये अमेरिकेत वूस्टर इथल्या होली क्रॉस महाविद्यालयाचा फुटबॉल संघ सरावानंतर मैदानावरच्या नळाचे पाणी प्यायला आणि ९७ पैकी ९० जणांना अ काविळीची लागण झाली. गावात आग लागल्याने पाणी ओढले गेले होते, दाब उतरला होता, आणि मैदानाकडे येणाऱ्या नळावरची तोटी अशा खड्ड्यात होती जिथे काविळीने आजारी असलेली शेजारची मुले खेळत. दोनच सामने खेळून संघाचा हंगाम संपला. २००७ च्या नोव्हेंबरात फिनलंडमधल्या नोकिया गावात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला एक व्हॉल्व्ह उघडला गेला आणि सुमारे ४,५०,००० लिटर सांडपाणी पिण्याच्या नळांत गेले. आठ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. तिथे तो जोड मुळात असायलाच नको होता.

दाब चोवीस तास राहिला तर काय होते, याचे मोजमाप मराठी मुलखाच्या शेजारीच झाले आहे. कर्नाटकात २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत अखंड पाणीपुरवठा सुरू झाला. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी अखंड पुरवठ्याच्या आणि अधूनमधून पाणी येणाऱ्या भागांतले नळाचे पाणी तपासले. दोन्हींचे मूळ पाणी एकाच शुद्धीकरणातून येत होते. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या नमुन्यांत मैल्यातले ई-कोलाय जंतू सापडले. अखंड पुरवठ्याच्या भागात शंभरात एखाद्यातही मुश्किलीने. पाणी नुकते सुटलेले असताना आणि दाब कमी असताना दोष जास्त आढळला. नळ सुरू झाल्यावर पहिले पाणी सोडून द्यायचे, मग कळशी लावायची, ही मराठी बायकांची सवय होतीच. प्रयोगशाळेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्रात कराडशेजारच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि प्रत्येक जोडणीला मीटर हे करून दाखवले. पाणी वाया जाईल ही भीती तिथे खरी ठरली नाही.

क्लोरीन ही शेवटची राखण. शहराच्या टोकाच्या नळातही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावा, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते, आणि ग्रामपंचायतीचा कर्मचारी ओटी टेस्ट करून पिवळा रंग पाहतो तो यासाठीच. मैला आत शिरला की हा उरलेला क्लोरीन तो पहिल्या काही मिनिटांत खाऊन टाकतो. रंग न येणे ही म्हणूनच उलट्या प्रवाहाचीही खूण असू शकते. टीसीएल ही क्लोरीनची पावडर वाढवून भागते असे नाही. शिकागो आणि दिल्ली या दोन्ही साथींनी ते दाखवून दिले आहे. जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांना आणि पंपचालकांना प्रशिक्षण देणारी ‘मित्रा’ ही संस्था नाशिकमध्येच आहे. राज्यभरातली ही माणसे शिकायला ज्या शहरात येतात, त्याच शहरात चेहेडी आहे.

नाशिक जिल्ह्याला या विषयाची आणखी एक बाजू आहे, ती द्राक्षबागांची. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत भागात औषधाचा ड्रम विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरतात आणि पाइपाचे टोक ड्रममध्ये बुडालेले असते. भारनियमनात वीज गेली, मोटार थांबली आणि फूट व्हॉल्व्ह गळका असला तर मोरचुदाचे बोर्डो मिश्रण किंवा कीटकनाशक त्याच पाइपाने विहिरीत उतरते. ठिबकच्या व्हेंच्युरीतून खत सोडतानाही तेच. बऱ्याच वस्त्यांवर पिण्याचे पाणीही त्याच विहिरीचे असते. पाइप ड्रमच्या काठावर खिळ्याला टांगून ठेवला तर खर्च शून्य येतो.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. २००३ आणि २०१५ प्रमाणेच तपोवनात साधुग्राम उभे राहील, तात्पुरते नळ आणि तात्पुरती शौचालये शेजारी शेजारी येतील. पर्वणीच्या दिवशी काही तासांत शहराचे पाणी इतके ओढले जाईल की उंच भागांत दाब टिकवणे कठीण होईल. त्यासाठीच्या मोठ्या तयाऱ्या महापालिकेच्या आणि सरकारच्या. घरापुरती तपासणी मात्र आजच होऊ शकते. पाणी येण्याच्या वेळी टाकीचे झाकण उघडावे, आणि आत येणाऱ्या नळाचे तोंड पाण्याच्या वर दिसते का ते पाहावे. बुडालेले असेल तर प्लंबरला बोलावून तो नळ कापून घ्यावा.